तिसऱ्या भागात कळेल

केसरबाई याही वेळी जिवंत निघाल्या, आणि याही वेळी त्यांचं नाव नोराच होतं. अभिमनने खुर्ची पुढे ओढली, पडद्याला नाक टेकेल इतकं तोंड जवळ नेलं आणि ती चार इंग्रजी अक्षरं पुन्हा वाचली. नोरा. जहाजातलं लांब टेबल, टेबलाभोवती सहा जण, आणि हिरव्या डगल्यातली पांढऱ्या केसांची म्हातारी हातात भांडं घेऊन एकेकाला वाढत चाललेली. 'गरम आहे तोवर खाऊन घ्या' अशा अर्थाचं वाक्य तिच्या पायाशी उमटलं, आणि लगेच खालून वर गेम बनवणाऱ्यांची नावं सरकायला लागली. संपलं. तीन भाग, सहा वर्षं, आणि संपलं! रविवारची सकाळ होती, साडेनऊ वाजत होते. धुळ्याच्या देवपुरातल्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये त्याच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. बाकीच्या अकरा मशीनवर गुलाबी कापडाच्या टोप्या चढवलेल्या, दाराबाहेर त्याच्या एकट्याच्या चपला, आणि आत एसीचा गारठा. त्याने हात चोळले.  वीस दिवसांपूर्वी हाच शेवट पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याला वाटलं होतं, आपलंच काहीतरी चुकलं असेल. म्हणून तो मागे गेला होता, अगदी दुसऱ्या भागाच्या टोकापर्यंत, आणि मुद्दाम उलटा निर्णय घेऊन सगळा तिसरा भाग पुन्हा खेळला होता. दोन रविवार आणि मधल्या सगळ्या जेवणाच्या सुट्ट्या त्यात गेल्या. आणि आता पुन्हा तेच टेबल, तेच भांडं, तीच नोरा. म्हणजे या लोकांनी विचारलंच नव्हतं! मागे काय केलंत, कोणाला वाचवलंत, कोणासाठी थांबलात, काही म्हणजे काही विचारलं नव्हतं. "अरे, मग एकेक निर्णय लिहून कशाला घेत होतात?" तो एकटाच मोठ्याने बोलला, आणि स्वतःच्या आवाजाने दचकला.

आता चाळिशीला टेकलेला, दोन लेकरांचा बाप, लॅबचा इन्स्ट्रक्टर माणूस रविवारी सकाळी चपला काढून गेम खेळत बसतो, हे कोणी पाहिलं असतं तर हसलंच असतं. त्याची बायको इंदिरा तर रोजच हसायची. "जा, तुमचं जहाज सुटेल," म्हणायची. पण ती टिंगल वरवरची होती, कारण त्या जहाजात कोण बसलंय ते तिलाही ठाऊक होतं. टेथिस नावाचं ते जहाज. सात माणसं घेऊन ते पृथ्वी सोडून निघतं आणि राहायला जागा शोधत वर्षानुवर्षं अंधारात फिरतं, एवढीच गोष्ट. ब्याण्णव साली त्याच्या धाकट्या भावाने, वाल्मीकने, पुण्याच्या कोण्या मित्राकडून पहिला भाग आणला. वाल्मीक जळगावला, केळीचे ट्रक दिल्लीला पाठवणाऱ्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर. अभिमन इकडे धुळ्याला. दोघांच्या मशीनवर गेम टाकलेला, आणि खेळायची पाळी एकाआड एक. एक लेव्हल ह्याने खेळायची, फ्लॉपीत साठवायची, फ्लॉपी लग्नपत्रिकेच्या जाड पाकिटात घालून जळगावच्या एसटीत उखर्डूभाऊ कंडक्टरच्या हवाली करायची. पुढची लेव्हल त्याने खेळायची आणि त्याच पाकिटातून परत. डबे जातात, औषधं जातात, तशी ही फ्लॉपी. जहाजातल्या माणसांना हवी ती नावं देता यायची, फक्त इंग्रजी आठ अक्षरांत बसली पाहिजेत. कॅप्टनला अभिमनने आपलं नाव दिलं, नकाशे पाहणाऱ्याला वाल्मीकचं. इंजिन सांभाळणारी एक म्हातारी होती, ती गेमवाल्यांनी दिलेल्या नोरा या नावानेच राहिली होती. एका रविवारी तो मायला, केसरबाईंना, लॅब दाखवायला घेऊन आला. केसरबाईंनी दाराशी वहाणा काढल्या, देवळात शिरावं तसा पदर डोक्यावर घेतला, आणि पडद्यातल्या त्या बाईकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हाई बाई ते मन्हासारखीच दिखस." मग काय! इंग्रजीत केसरबाई लिहिलं तर बरोब्बर आठ अक्षरं झाली. एक कमी नाही, एक जास्त नाही. माय त्यानंतर अधूनमधून विचारायची, "मनं इंजिन चालू शे ना रे?" दोघे भाऊ हसायचे. तेव्हा दोघे एकमेकांशी बोलत होते.

नावं सरकून सरकून पडदा काळा झाला. अभिमनने कळ दाबली नाही. शेवटी काहीतरी येईल, नावांच्या मागून एखादं चित्र, एखादी ओळ. नाहीतर एवढी वर्षं वाट बघायला लावून माणसं असं करत नाहीत, असं त्याच्या मनात पुन्हा एकदा येऊन गेलं. काही आलं नाही. त्याला स्वतःची चीड आली. चुका काय थोड्या होत्या? दुसऱ्या भागात मेलेला खलाशी तिसऱ्यात मागच्या बाकावर बसलेला दिसला, तेव्हाच कळायला हवं होतं. पाचव्या लेव्हलला एका दारातून बाहेर पडलं की माणूस भिंतीत अडकायचा. दोन वेगळ्या ग्रहांवरची दोन वेगळी माणसं शब्दन् शब्द तेच बोलायची. आणि प्रवासाची सगळी अखेरची वर्षं तर ह्यांनी 'काही वर्षांनंतर' एवढ्या एका पाटीवर उरकून टाकली होती. घाईत केलेलं काम! लॅबमध्ये पोरं परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रोजेक्ट जुळवतात तसलं. पण त्या चुका त्याने पोटात घातल्या होत्या, कारण त्याला शेवट हवा होता. शेवटात केसरबाईंचं काय झालं ते हवं होतं. कारण दुसरा भाग संपला तिथे केसरबाई इंजिनाशेजारी पडल्या होत्या, श्वास लागला होता, आणि गेमने खेळणाऱ्याला दोनच वाटा दिल्या होत्या. जहाज फिरवा आणि त्यांना मागच्या तळावर न्या. नाहीतर जागच्या जागी थांबा, औषध घेऊन दुसरं जहाज येतंय. ती लेव्हल वाल्मीकच्या पाळीची होती. वाल्मीकने 'थांबा' निवडलं होतं.

तिथे आलं की अभिमनला ती दुपार आठवायची. पंच्याण्णवच्या ऑगस्टची सतरा तारीख, गुरुवार. मायच्या छातीत सकाळपासून कळा. डॉक्टर घरी येऊन गेले, म्हणाले, नाशिकला हलवा, उशीर करू नका. गाडीसुद्धा सांगून झाली होती. सव्वाअकराला त्याने वाल्मीकच्या ऑफिसात फोन लावला, मायले बरं नहीं, निंघ. आणि मग माय म्हणाली. गादीवर उशीला टेकून, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "माले कोठेच लई जाऊ नको. वाल्मीकले यिऊ दे, मंग दखू." बारा वाजले असतील, किंवा सव्वाबारा. तो थांबला. बाराची गाडी पकडली तर वाल्मीक पावणेतीनला येतो, असा हिशेब त्याने केला, आणि खरं सांगायचं तर त्याला सुटल्यासारखं वाटलं. नाशिकचा तो तीन-चार तासांचा रस्ता, मागे माय, आणि तिला मध्येच काही झालं तर आपण एकटे, हे त्याला नको होतं. माय बोलली म्हणून तो थांबला, की थांबायचंच होतं आणि माय बोलली? अडीच वर्षं तो हे उलटंसुलटं करून पाहत होता. पावणेतीन झाले, तीन झाले. साडेतीनला माय गेली. वाल्मीक सव्वाचारला आला, दारातच बसला आणि एवढंच म्हणाला, "नाशिकला का नाही नेलं?" मायचं वाक्य अभिमनच्या ओठांवर आलं होतं. तुझ्यासाठी थांबली रे, हे त्या दारात बसलेल्या पोराला कसं सांगायचं? त्याने सांगितलं नाही. "वेळ नाही मिळाला," म्हणाला.  तेराव्यापर्यंत दोघांत बोलणं उरलं ते मांडव आणि पाण्याच्या टाकीपुरतं, आणि तेराव्यानंतर तेही नाही.

मग सप्टेंबरच्या शेवटी उखर्डूभाऊंनी पाकीट आणून दिलं. पाकिटात फ्लॉपी, फ्लॉपीत दुसऱ्या भागाची शेवटची लेव्हल खेळून झालेली, फायलीवर सप्टेंबरचीच तारीख, आणि फ्लॉपीच्या लेबलवर वाल्मीकचं बारीक अक्षर: तिसऱ्या भागात कळेल. अभिमनने ती लगेच लावून पाहिली. थांबा. वाल्मीकने सगळं होऊन गेल्यावर, माय जाऊन महिना उलटल्यावर, शांतपणे बसून 'थांबा' निवडलं होतं. जहाज थांबलेलं, केसरबाई पडलेल्या, आणि लांब अंधारात येणाऱ्या जहाजाचा एक दिवा. घे, तू हेच केलंस ना, आता बघ काय होतं ते. दुसरा अर्थच नव्हता त्याला. सख्खा भाऊ तोंडाने शिव्या देत नाही आणि एसटीतून असा दगड पाठवतो! तरी अभिमनने उलट काही लिहिलं नाही. रिकाम्या लेबलची एक कोरी फ्लॉपी त्याच पाकिटात घालून परत पाठवली, म्हणजे मिळाली, एवढंच. पण त्या दिवसापासून तो तिसऱ्या भागाची वाट पाहायला लागला. लोक कोर्टाच्या तारखेची बघतात तशी. हसू नका. ज्याला कोणी विचारत नाही त्याला कोणीतरी निकाल द्यावा असं वाटतं, मग तो निकाल सात समुद्रापलीकडच्या, केसरबाईंचं तोंडही न पाहिलेल्या माणसांनी का दिलेला असेना. थांबणं बरोबर निघालं तर त्याला एकदा तरी पोटभर झोप लागणार होती. चूक निघालं तर तो जळगावला जाऊन वाल्मीकच्या पायाशी बसणार होता. असं त्याने ठरवलं होतं. आणि आता दोन्ही वाटांनी जाऊन पाहिलं तर म्हातारी उठून सूप वाढतेय, आणि तिच्या पायाशी कोण्या परक्या बाईचं नाव!

गेल्या दिवाळीला वाल्मीकने तिसऱ्या भागाच्या सात फ्लॉप्या एका खोक्यातून पाठवल्या होत्या, वर फक्त 'आला' एवढं लिहून, आणि पाळ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. एक लेव्हल इकडे, एक तिकडे. वाल्मीक या वेळी फार सावकाश खेळायचा. पूर्वी चार दिवसांत येणारी फ्लॉपी आता तीन-तीन आठवडे यायची नाही. शेवटी अभिमनला दम निघेना. पाळी मोडून तो एकटाच पुढे खेळत गेला होता. शेवटची लेव्हल वाल्मीकची होती, ती त्याने चोरून पाहिली होती, आणि त्याचीही त्याला लाज वाटत होती. आता काय करायचं? वाल्मीक तिकडे निकालाची वाट बघत बसलेला असणार. त्याला कळवायचं, की बाबा रे, यात काही नाही? की खेळू द्यायचं, त्याचा त्याला धक्का बसू द्यायचा? टेबलावर कालच आलेलं पाकीट पडलं होतं, शेवटून तिसऱ्या लेव्हलचं. त्याने सवयीने फ्लॉपी काढली, मशीनमध्ये सरकवली आणि आत काय आहे त्याची यादी मागवली. एक फाईल यायला हवी होती. अकरा आल्या. वाल्मीकने घाईत एक फाईल उचलायच्या ऐवजी फायलींचा आख्खा कप्पाच कॉपी करून पाठवला होता. लॅबमध्ये पहिल्या वर्षाची पोरं करतात ती चूक, दहा वर्षं मशीनवर बसलेल्या माणसाने! अभिमनला जरा हसूही आलं. मग त्याची नजर यादीतल्या एका ओळीवर गेली आणि हसू तिथल्या तिथे थिजलं. ती फाईल तो ओळखत होता. तसली फाईल गेम संपल्याशिवाय तयारच होत नाही. त्याच्या स्वतःच्या मशीनवर तसल्या दोन होत्या. आणि तिच्यासमोर तारीख होती सत्त्याण्णव सालच्या जूनची चौदा. दिवाळीच्या आधी. खोकं पाठवायच्या साडेचार महिने आधी वाल्मीकने तिसरा भाग खेळून संपवला होता.

त्याने यादी प्रिंटरवर सोडली. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. लॅबमध्ये काही बिघडलं की आधी प्रिंट काढायची, एवढीच सवय. प्रिंटर करकरत राहिला आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला. म्हणजे माहीत होतं त्याला. नोरा माहीत होती, सूप माहीत होतं, यात काही कळणार नाही हे माहीत होतं, आणि तरी तो दिवाळीपासून एकेक लेव्हल नव्याने खेळल्यासारखी करून एसटीत टाकत होता. माझी थट्टा करतोय? अडीच वर्षं एका शब्दासाठी तडफडवलं ते पुरलं नाही?  घरी जाऊन इंदिराला एवढंच म्हणाला, "जळगावला जाऊन येतो."

"पाकीट द्यायला?" ती म्हणाली, आणि तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग आतून स्वच्छ शर्ट आणून तिने त्याच्या हातात दिला. "हा घाला. अडीच वर्षांनी जाताय," म्हणाली.

स्टँडवर साडेदहाची जळगाव लागलेली होती आणि दाराशी उखर्डूभाऊ पान जमवत उभे. त्यांनी नेहमीसारखा हात पुढे केला. "आना सर, काय शे ते." आज मीच जातोय, असं अभिमन म्हणाला, तसे ते मोठ्याने हसले. "मंग तिकीट काढा. पाकिटले फुकट नेत व्हतो, तुमले नहीं." तो खिडकीशी बसला. पारोळा मागे पडेपर्यंत तो वाल्मीकला मनात शिव्याच देत होता, चांगल्या घरातल्या, ठेवणीतल्या. मग एरंडोलच्या अलीकडे त्याने खिशातली प्रिंट काढली, दोन्ही कडांना भोकं असलेला तो लांब कागद, आणि जूनची ती ओळ पुन्हा डोळ्यांखाली घातली. तिच्याच वर आणखी एक ओळ होती. लॅबमध्ये ती त्याने पाहिली होती, वाचली नव्हती. दुसऱ्या भागाची शेवटची फाईल. तिसरा भाग सुरू करताना ती लागते म्हणून त्याच कप्प्यात ठेवलेली, वाल्मीकच्या मशीनवरची मूळ फाईल. अभिमनकडे जी आली होती तिच्यावर सप्टेंबर होता. म्हणजे ती पाठवताना पुन्हा साठवलेली असणार. हिच्यावर तारीख होती पंच्याण्णव, ऑगस्ट, सतरा. वेळ, दुपारचे बारा बावन्न.

बस खड्ड्यातून गेली आणि कागद हातातून निसटून पायाशी पडला. शेजारच्या बाईने तो उचलून दिला, काहीतरी विचारलंही. त्याला ऐकू आलं नाही. बारा बावन्नला माय जिवंत होती. बारा बावन्नला माय उशीला टेकून दाराकडे बघत होती आणि विचारत होती, आली का रे जळगावची गाडी. आणि त्याच बारा बावन्नला वाल्मीक... सव्वाअकराला फोन गेला होता. ऑफिसपासून स्टँड चालत दहा मिनिटं. बाराची गाडी समोरून निघून गेली आणि वाल्मीक मशीनवर होता. 'थांबा' त्याने सतरा तारखेला निवडलं होतं, माय असताना. तो दगड नव्हताच! अडीच वर्षं अभिमन जो दगड छातीवर घेऊन बसला होता तो कोणी मारलाच नव्हता. हे एका बाजूने कळत होतं आणि त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने हेही कळत होतं, की वाल्मीक पावणेतीनला येऊ शकत होता. मायला भेटू शकत होता. माय त्याच्यासाठी थांबली होती आणि तो खेळत होता. मशीनचं घड्याळ चुकत असेल, त्याने स्वतःला सांगून पाहिलं. घड्याळाची बॅटरी जाते, तारखा वाट्टेल त्या येतात, लॅबमध्ये दर महिन्याला एखादं मशीन ऐंशी साल दाखवतं. पण वर्ष, महिना, तारीख नेमकी तीच चुकेल? तो घरून निघाला होता ते एक वाक्य घेऊन. आज सांगून टाकायचं, बस झालं, मायने तुझ्यासाठी थांबायला सांगितलं होतं, मी नाही मारलं तिला. नव्वद किलोमीटर तो ते वाक्य घेऊन आला होता, आणि आता जळगावचे केळीचे ट्रक दिसायला लागले तेव्हा ते वाक्य त्याच्या हातात सुरीसारखं होतं. हे ज्याला सांगशील तो जन्मभर त्यातून उठणार नाही, हे त्याला इतकं स्पष्ट दिसलं की उतरताना उखर्डूभाऊंनी हाक मारली तरी तो वळला नाही.

वाल्मीक दारातच होता. उन्हाळा तोंडावर आला म्हणून बनियनवर बसून कूलरमधली वाळ्याची जुनी ताटी काढत होता, हात कोपरापर्यंत भिजलेले. त्याने वर पाहिलं. अंगाने सुकला होता, कानांजवळ पांढरं दिसत होतं. अडीच वर्षांनी समोर आलेल्या भावाला तो काय म्हणाला असेल?

"पाकीट नहीं उनं का?"

"मीच उनू," अभिमन म्हणाला. पाकिटाऐवजी आज तोच आला होता.

वाल्मीकची बायको यशोदा आतून पाणी घेऊन आली, थोरल्या दीराला बघून तिने भांडं तसंच हातात धरलं, मग पटकन खाली वाकून पाया पडली आणि स्वयंपाकघरात गेली. दोघे भाऊ खाली बसले, मध्ये कूलरची उघडी पेटी.  अभिमनने खिशातला कागद काढून फरशीवर ठेवला. वाल्मीकची नजर अकरा ओळींवरून फिरली नाही. ती सरळ एकाच ओळीवर गेली आणि तिथे राहिली. त्याचा चेहरा पांढरा पडत गेलेला अभिमनने पाहिला. लहानपणी झाडावरून पडल्यावर हा पोरगा असाच, न रडता, पांढरा पडायचा.

"तुमच्या मशीनचं घड्याळ चुकत असेल," अभिमन घाईने म्हणाला. "आमच्याकडे तर रोजच..."

"नहीं." वाल्मीकने ओले हात बनियनला पुसले. "त्याच्यावर ट्रकच्या पावत्या निघतात. मिनिटभर इकडंतिकडं झालं तर मालक ओरडतो. बरोबर शे ते."  तो बोलायला लागला तो कागदाशीच बोलत होता. मायले नेहमीच तसं व्हये, म्हणाला, महिन्यातून दोनदा तुझा फोन यायचा, अन् मी येईस्तोवर ती भाकरी थापत बसलेली असायची. तसंच वाटलं. लेव्हल संपवी लेऊ अन् दीडची गाडी पकडू, फ्लॉपी खिशात घेऊन जाऊ, माय खूश होईल तिचं इंजिन बघून. "खिशात व्हती, भाऊ. दारात बसनू तवय बी खिशात व्हती." जहाजात ती पडली तेव्हा मी थांबा निवडलं, औषधाचं जहाज येतंय लिहिलं होतं म्हणून. मीच तर ते जहाज. मी येणारच होतो. त्याने तोंडावरून हात फिरवला. "लेबलवर लिखं ते तुन्हासाठे नहीं लिखं. मन्हासाठे लिखं व्हतं. थांबायचं फळ काय ते तिसऱ्या भागात कळेल, तवय बोलू तुन्हाशी, असं वाटे. अन् जूनमध्ये दखं, ते..."

"नोरा," अभिमन म्हणाला.

"नोरा." वाल्मीकला हसू आलं, आणि ते तोंडावर धरून ठेवता येईना. "काहीच नहीं त्यात! तुला काय कळवू, काहीच नहीं म्हणून? अन् ते सांगितलं असतं तर पाकीट बंद पडलं असतं. मंग काय धाडू मी धुळ्याले?"

आत यशोदा तव्यावर भाकरी टाकत होती, कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या, भाकरीचा वास दारापर्यंत आला. मायच्या हातचा नव्हता, पण मायच्याच पिठाचा वास होता. अभिमनला वाटलं, आता विचारेल. जे विचारू नये असं सबंध वाटभर वाटत होतं ते हा आता विचारेल. आणि वाल्मीकने विचारलं.

"माय काही बोलनी का? शेवटले?"

वाक्य तयार होतं. मायच्याच आवाजात तयार होतं, एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता अडीच वर्षांत. अभिमनने त्यातला एकच शब्द काढला आणि बाकीचं तसंच गिळलं. "तुनं नाव लिधं."

"बस?"

"बस."

वाल्मीकने मान हलवली. कागद उचलला, दोन्ही कडांची भोकं बोटाने चाचपत राहिला, घडी घातली, पुन्हा उघडली. "बाराची गाडी धरली असती तर, भाऊ..." एवढं म्हणाला आणि पुढचं त्याला बोलता आलं नाही. अभिमनने पेटीवरून हात पलीकडे नेला आणि त्याच्या ओल्या मनगटावर ठेवला. सकाळी ज्या गोष्टीने त्याच्या अंगाची आग झाली होती, ज्या लोकांना त्याने एसीच्या गारठ्यात मोठमोठ्याने जाब विचारला होता, त्यांचीच लबाडी आता त्याच्या जिभेवर आली, आणि त्याने ती अडवली नाही.

"दोन्ही बाजूनी खेळी दखं मी, वाल्मीक," तो म्हणाला. "शेवट एकच शे."

वाल्मीक त्याच्याकडे बघत राहिला. भाऊ खोटं बोलतोय की खरं, हे त्याला कळलं असेल, नसेल. मनगट त्याने सोडवून घेतलं नाही. आतून यशोदाने ताटं वाढल्याचं सांगितलं, पण दोघेही उठले नाहीत.